जुनी डिकल शीट: वाचवावी की फेकावी? (मिराज २०००, १/७२)

डेल्टापंख (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी.

हेलर कंपनीचं मिराज २००० चं १/७२ प्रमाणातलं मॉडेल किट दुछत्तीवर कित्येक वर्षं पडून होतं, ते या हिवाळ्यात जोडायला घेतलंय. जोडणी झाली, फटी भरल्या, घासून झालं. आता रंगाआधी डिकल्सचा, म्हणजे मॉडेलवर पाण्याने सोडवून चिकटवायच्या छापील खुणांचा प्रश्न उभा राहिलाय. किटातल्या खुणा फ्रेंच वायुदलाच्या. पण ज्या गावात सकाळचा दुसरा चहा होईतो महाराजपुऱ्याच्या तळावरची मिराज डोक्यावरून गेलेली असतात, तिथे फ्रेंच वर्तुळं लावून मॉडेल कपाटात ठेवलं तर घरचेच हसतील. १९८५ साली मिराज भारतात आली ती ७ व्या स्क्वॉड्रनकडे, म्हणजे 'बॅटल ॲक्सेस'कडे. मला त्यांचंच विमान करायचंय, सुरुवातीच्या वर्षांतलं.

भारतीय खुणांची एक सुटी शीट एका जुन्या संग्रहातून माझ्याकडे आली आहे. कुठल्याशा छोट्या उत्पादकाची, नाव पुसलं गेलंय. तिची अवस्था अशी: कोऱ्या जागेवरची फिल्म चहाच्या डागासारखी पिवळी. कडा वर वळलेल्या. भिंग लावून पाहिलं तर केशरी कड्यावर केसाएवढ्या भेगा, पण हिरव्या रंगावर एकही नाही. 'बॅटल ॲक्सेस'चं परशूचं चिन्ह मात्र अगदी खणखणीत दिसतंय, त्याच्यासाठीच जीव अडकलाय. 'के एफ'ने सुरू होणारे क्रमांकही ठीक वाटतात.

पिवळेपणा जातो का? भेगा पडलेलं डिकल पाण्यात टिकतं का? आणि टिकलंच तर इतक्या वर्षांनी त्याचा गोंद धरेल का? अनुभवी लोकांनी लिहावं.

---

कागदीघोडा (पुणे)

फेका. नवीन शीट मागवा. हजारभर रुपयांसाठी महिनाभराच्या रंगकामाची माती कशाला करायची?

---

डेल्टापंख (ग्वाल्हेर)

@कागदीघोडा, मागवायची तर काय मागवू? १/७२ मध्ये १९८५ च्या आसपासची 'बॅटल ॲक्सेस'ची शीट शोधून दमलो. जी दिसते ती संपलेली असते.

---

पाणसळ (इंदूर)

फेकू नका, पण लगेच पाण्यातही टाकू नका. थोडं लांब लिहितो, कारण हा विषय दर वर्षी वर येतो आणि दर वेळी लोक अर्धंच सांगतात.

सगळ्यात आधी शीट स्कॅन करा. ६०० डीपीआयला, शेजारी पट्टी ठेवून. पुढे काहीही झालं तरी आकार आणि आकृती हातात राहते. हे न करता बाटल्या उघडणं म्हणजे बियाणं दळून खाणं.

आता रोग ओळखा. पाण्याच्या डिकलमध्ये तीन थर असतात: कागदावर डेक्स्ट्रिनचा, म्हणजे स्टार्चपासून केलेला, पाण्यात विरघळणारा गोंद, त्यावर लॅकरची पारदर्शक फिल्म, आणि त्यावर शाई. (काही शीट्सवर शाईच्या वरूनही लॅकर फिरवलेलं असतं.) हे तिन्ही थर वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात. पिवळेपणा मुख्यतः फिल्मचा आणि थोडा गोंदाचा. भेगा पडतात कारण लॅकरला लवचीक ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं उडून जातं आणि मागे फक्त काचेसारखी पापडी उरते. गोंद मरतो तो ओलाव्याने, किंवा एकदा ओला होऊन पुन्हा सुकल्याने. त्यामुळे 'जुनी शीट' हा एकच आजार धरून एकच औषध देणाऱ्यांचं ऐकू नका.

पिवळेपणा: शीट पारदर्शक झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, छापील बाजू उन्हाकडे. उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळा रंग फिकटतो. काही शीट्स आठवड्यात उजळतात, काहींना महिना लागतो, काही हट्टी शीट्स शेवटपर्यंत दाद देत नाहीत. ग्वाल्हेर-इंदूरकडच्यांना एक इशारा. हे काम थंडीत करा. मे महिन्यात पश्चिमेच्या काचेमागे शीट ठेवली तर उजळण्याआधी ती भाजून निघते आणि उरलासुरला लवचीकपणाही जातो. शिवाय लाल-केशरी शाई उन्हाने उडू शकते, म्हणून त्यावर काळ्या कागदाचे तुकडे कापून लावा. फक्त कोरी फिल्म आणि पांढरा भाग उन्हात राहू दे.

भेगा: मायक्रोस्केलचं लिक्विड डिकल फिल्म मिळतं. मऊ रुंद ब्रशने एकाच दिशेने एक पातळ हात. परत परत घासायचं नाही, नाहीतर खालची शाई विरघळून ओढली जाते. रात्रभर सुकू द्या. ही नवी फिल्म पूर्ण शीटवर सलग बसते, हे लक्षात ठेवा. म्हणजे आता प्रत्येक खूण कडेला लागून स्वतंत्र कापावी लागेल. पूर्वीची फिल्म प्रत्येक खुणेपुरती छापलेली असली तरी.

चाचणी: शीटच्या कोपऱ्यात उत्पादकाचं चिन्ह किंवा नको असलेला एखादा आकडा असतोच. तो कापून आधी पाण्यात टाका. अखंड निघाला तर पुढे जा. तुकडे झाले तर फिल्मचा हात द्या आणि दुसरा नको असलेला तुकडा टाकून बघा. परशूला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

गोंदाचं काका-काकू मंडळी सांगतीलच. वडोदऱ्याच्या काकू कुठे आहेत?

---

डेल्टापंख (ग्वाल्हेर)

केवढं लिहिलंत! वाचनखूण साठवली. काळ्या कागदाची युक्ती माहीत नव्हती.

---

सुईदोरा (वडोदरा)

आले आले.

आमच्याकडे विमानं चिरंजीव जोडतात आणि डिकल्स मी लावते, कारण त्यांच्या हाताला धीर नाही. जुन्या शीट्स पुष्कळ हातांखालून गेल्यात, म्हणून मी फक्त लावण्याचं सांगते.

पाणी कोमट घ्या, बोट सहज बुडवता येईल एवढंच. आपल्याकडचं पाणी जड असतं, सुकल्यावर पांढरे डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणून ठेवा, स्वस्तात काम होतं. डिकल पाण्यात पडून ठेवायचं नाही. दहा-पंधरा सेकंद बुडवायचं आणि बाहेर काढून ओल्या टिश्यूवर ठेवायचं. बाकीचं काम कागदात शिरलेलं पाणी करतं. पाण्यातच सुटू दिलं तर असलेला गोंदही धुऊन जातो, आणि भेगाळलेली फिल्म तरंगायला लागली की तिचे तुकडे गोळा करत बसावं लागतं.

कागदावर ते आपोआप सरकतंय का, हे ब्रशच्या टोकाने हळूच बघा. सरकत नसेल तर अजून एक थेंब आणि अजून एक मिनिट. जबरदस्ती नको. मग कागदासकट मॉडेलवर न्यायचं आणि ब्रशने डिकल थांबवून धरून खालचा कागद ओढून काढायचा. लोक उलटं करतात, डिकल ढकलतात. म्हाताऱ्या फिल्मला ढकलणं सोसत नाही.

गोंद गेला असेल तर फेव्हिकॉल. हसू नका. एक थेंब फेव्हिकॉल आणि पाच-सहा थेंब पाणी, दुधासारखं पातळ. जिथे डिकल बसणार तिथे हे लावा, डिकल सरकवून जागेवर आणा, मग मधून कडेकडे इअरबड फिरवून जास्तीचं बाहेर काढा. बाहेर आलेलं ओल्या कापडाने लगेच पुसा. राहिलं तर सुकल्यावर पारदर्शक दिसतं खरं, पण वर मॅट वार्निश मारलं की चकाकता ठिपका होऊन वर येतं.

---

कागदीघोडा (पुणे)

फेव्हिकॉल आणि मायक्रो सेट (डिकल चिकटवायला मदत करणारं द्रावण) एकत्र चालतं का? मायक्रो सेटला व्हिनेगरचा वास येतो.

---

सुईदोरा (वडोदरा)

मी एकत्र वापरत नाही. निळ्या लेबलचं मायक्रो सेट गोंद जिवंत असेल तेव्हा. गोंद मेला असेल तेव्हा फेव्हिकॉल. लाल लेबलचं मायक्रो सोल, म्हणजे डिकलची फिल्म मऊ करणारं द्रावण, दोन्हीवर, पण डिकल खाली नीट धरल्यावरच, आणि जुन्या शीटवर आधी चाचणीच्या तुकड्यावर. सोल लावल्यावर डिकल सुरकुततं, तेव्हा पोटात गोळा येतो. हात लावायचा नाही. सुकताना ते आपोआप ताणलं जाऊन पॅनेलच्या रेषांत बसतं.

---

मास्किंगवीर (इंदूर)

माझं मत थोडं वेगळं. राष्ट्रीय चिन्हं डिकलने लावूच नयेत, शीट जुनी असो की नवी. वायुसेनेचं वर्तुळ म्हणजे बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. तीन साधी वर्तुळं. रंगवली तर पिवळेपणाचा प्रश्न नाही, भेगांचा नाही, कडेची फिल्म दिसायचा नाही. आणि केशरी आपल्या मनासारखा मिळतो. परदेशी शीट्सवर केशरीच्या नावाखाली कधी संत्र्याचा तर कधी विटेचा रंग छापलेला असतो.

मास्क कसे कापायचे? गाड्यांच्या नंबरप्लेटवर अक्षरं चिकटवणारा रेडियमवाला गाठा. त्याच्याकडे व्हिनाइल कापायचं प्लॉटर असतं. स्कॅनवरून मोजून वर्तुळांची फाइल पेनड्राइव्हमध्ये न्या. समजा खऱ्या विमानावर ९०० मिमीचं वर्तुळ असेल तर १/७२ ला १२.५ मिमी. त्याला सांगायचं की दादा, पातळातलं पातळ व्हिनाइल लावा. पहिल्यांदा तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतो, नंतर विमानाचा फोटो मागतो. व्हिनाइलचा गोंद कडक असतो, म्हणून मॉडेलवर लावण्याआधी पँटवर चिकटवून काढा, म्हणजे रंग उचलला जात नाही.

आधी पूर्ण पांढरी चकती फवारायची. ती नीट सुकल्यावर पांढऱ्यावर कडं चिकटवायचं, आतली चकती हिरवी, बाहेर केशरी. पांढरा खाली सगळीकडे असल्याने केशरी राखाडीवर मळकट दिसत नाही. शेपटीवरच्या तिरंगी पट्ट्याला तर मास्किंग टेप पुरते. पट्ट्याच्या रंगांचा क्रम दोन्ही बाजूंना कसा येतो ते मात्र फोटो बघूनच करा, अंदाजाने नको.

---

पाणसळ (इंदूर)

@मास्किंगवीर, वर्तुळांबाबत मान्य. केशरीच्या भेगांमागे बहुधा हेच कारण असणार. केशरी, पिवळा, लाल या शाया झाकायला कमी, म्हणून खाली पांढरा छापावा लागतो आणि थर जाड होतो. जाड थर आधी तडकतो. हिरवा एकाच थरात भागला असेल.

पण ज्यांना रंगवायचं नाही त्यांच्यासाठी: कोऱ्या पांढऱ्या डिकल शीटमधून त्याच मापाची चकती कापून आधी लावा, ती बसली की तिच्यावर जुनं वर्तुळ. खालून पांढरं मिळाल्याने रंग उघडतो आणि भेगांतून राखाडीऐवजी पांढरं दिसतं. मग केशरीच्या भेगा केशरी रंगाने शून्य नंबरच्या ब्रशने बुजवता येतात.

---

ग्राउंडक्रू (ग्वाल्हेर)

आयुष्य विमानांखाली वाकून गेलं, म्हणून दोन गोष्टी.

मॉडेलवाले बारीक स्टेन्सिलसाठी, म्हणजे विमानावरच्या सूचनांच्या अक्षरांसाठी, फार जीव टाकतात. खऱ्या विमानावर ती अक्षरं झिजतात, तेलाने काळी पडतात, पॅनेल बदललं की अर्धी गायब होतात, डागडुजीच्या रंगाखाली जातात. जुन्या शीटमधली चार स्टेन्सिल फाटली तर फाटू द्या. पण कॉकपिटच्या बाजूचा इजेक्शन सीटचा लाल त्रिकोण चुकवू नका. तो आम्ही कधी मळू दिला नाही. विमानाजवळ येणाऱ्या माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध असतो.

दुसरं, कुठल्या वर्षाचं विमान करायचं ते आधी ठरवा आणि एकाच वर्षाच्या फोटोंवर चला. १९८५ ची नवी कोरी मिराज आणि १९९९ ला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकणारी मिराज यांच्यात बराच फरक आहे. अंगाखालचा लायटनिंग पॉड, म्हणजे लेझरने नेम धरणारं यंत्र, तर आहेच. १९८५ चं करायचं असेल तर धूळ-डाग कमी करा. नवं विमान होतं ते.

---

कागदीघोडा (पुणे)

काका, तुमचा वेगळा धागा हवा. मॉडेलच्या फोरमवर असं वाचायला मिळत नाही.

---

ग्राउंडक्रू (ग्वाल्हेर)

जे लिहिण्यासारखं आहे ते लिहिता येत नाही, जे लिहिता येतं ते तुम्हाला आधीच माहीत असतं. बघू.

---

डेल्टापंख (ग्वाल्हेर)

प्रगती कळवतो.

स्कॅन झालं. शीट पूर्वेच्या खिडकीत जानेवारीभर होती, केशरी-लाल भागांवर काळा कागद लावून. कोरी फिल्म जवळजवळ पारदर्शक झाली. पांढरा अजून किंचित हस्तिदंती आहे, पण मिराजच्या निळसर राखाडीवर ते खटकणार नाही.

कोपऱ्यातलं चिन्ह पाण्यात टाकल्याबरोबर त्याचे चार तुकडे झाले. मग लिक्विड डिकल फिल्मचा हात दिला, रात्रभर ठेवलं, आणि एक जादा क्रमांक टाकून बघितला. अखंड निघाला. गोंदाने धरलं नाही. कडा सुकल्यावर वर आल्या, म्हणजे काकूंचा फेव्हिकॉल लागणारच.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नव्हती, ती नोंदवून ठेवतो. हा संग्रह ज्यांचा होता त्यांच्या घरी शीट्स कूलरच्या खोलीत होत्या. ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हणजे बाहेर लू आणि आत वाळ्याच्या ताट्यांवरून येणारी ओली हवा. वर्षानुवर्षं शीट उन्हाळ्यात ओली आणि थंडीत कोरडी होत राहिली. कडा वळणं आणि गोंद मरणं, दोन्ही त्यातूनच आलं असणार. त्याच गठ्ठ्यातल्या दोन शीट्स एकमेकींना तोंडाला तोंड लावून अशा चिकटल्यात की सोडवता येत नाहीत. बाकीच्या शीट्स आता मेणकागद मध्ये घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, स्टीलच्या डब्यात ठेवल्यात. डबा कूलरपासून लांब.

---

पाणसळ (इंदूर)

अगदी. लोक उन्हाला घाबरतात, खरा शत्रू कूलर. आमच्याकडे जुलै-ऑगस्ट तेच काम करतो.

फिल्म दिल्यावर क्रमांक कापताना नवं ब्लेड घ्या. बोथट ब्लेडने कडेला फिल्म उचलली जाते आणि पाणी तिथून आत शिरतं. आणि डिकल लावण्याआधी पृष्ठभागावर चकचकीत वार्निशचा हात हवाच, टामियाचं एक्स-२२ असो की दुसरं काही. मॅट रंगावर थेट लावलं तर खाली हवा अडकते आणि डिकल चंदेरी दिसतं. जुनी फिल्म ताठ असल्याने मऊ फिल्मसारखी खाचखळग्यांत बसत नाही, तिला गुळगुळीत जमीन जास्तच लागते.

---

मास्किंगवीर (इंदूर)

मग वर्तुळांचं काय ठरलं?

---

डेल्टापंख (ग्वाल्हेर)

रंगवली. इथल्या एका रेडियमवाल्याने मास्क कापून दिले, आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं, त्याने फोटो मागितला. केशरी दोनदा मिसळून मनासारखा आला. शेपटीचा पट्टाही टेपने केला.

जुन्या शीटमधून फक्त परशू आणि क्रमांक घेतले. दोन्हीकडे फेव्हिकॉल, दोन्ही बसले. परशूच्या दांड्याजवळ एक भेग उघडली होती, ती भिंगाखाली रंगाने बुजवली. आता मलाच शोधावी लागते. स्टेन्सिल हेलरच्या मूळ फ्रेंच शीटमधून घेतले. ती शीट तेवढीच जुनी, पण डब्यात पडून असल्याने नुसतं ऊन दाखवून चालली. ग्राउंडक्रू काकांचा लाल त्रिकोण दोन्ही बाजूंना आहे.

मायक्रो सोल परशूवर वापरलं नाही. जे बसलंय ते बसलंय.

---

नोव्होप्रेमी (नागपूर)

उशिरा आलो. माझ्याकडे फ्रॉग या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या साच्यांवरून रशियात निघालेली, नोव्हो नावाने विकलेली किट्स आहेत. त्यांच्या शीट्सवर हाच उपाय चालेल का? शिवाय दुसऱ्या महायुद्धातलं एक हरिकेन लढाऊ विमान पहिल्या भारतीय स्क्वॉड्रनचं करायचंय, ब्रह्मदेशातलं.

---

पाणसळ (इंदूर)

शीट्सना उपाय हाच, क्रमही हाच: स्कॅन, चाचणी, मग औषध. नोव्होच्या शीट्सकडून फार अपेक्षा ठेवू नका, छपाई मुळातच थोडी सरकलेली असते.

हरिकेनला मात्र वेगळी काळजी. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी लाल सूर्याशी गल्लत नको म्हणून वर्तुळातला लाल काढून टाकला होता, निळा आणि फिकट निळा-पांढरा एवढंच उरलं. तेव्हा युरोपातल्या ब्रिटिश विमानांची शीट असेल तर तिची वर्तुळं चालणार नाहीत, कितीही नवी असोत. मास्किंगवीरांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्यांच्याकडे त्या मापाची फाइल असेल.

---

मास्किंगवीर (इंदूर)

आहे. १/७२ आणि १/४८ दोन्ही. पाठवतो. रेडियमवाल्याला देताना मिलिमीटरमध्ये उघडायला सांगा, त्यांचं सॉफ्टवेअर इंचात उघडतं आणि बशीएवढी वर्तुळं कापून हातात देतं.